लॉर्ड रिपनची कबर आणि एका बंद दाराची गोष्ट

माझे बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. लॉर्ड रिपन म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांचा जनक, १८८२चा ठराव, हे आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. बाबांनी मात्र त्या ठरावाचं मीठ आयुष्यभर खाल्लं. लीड्सला माझ्याकडे यायचं ठरलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, "लंडन नंतर बघू. आधी रिपनसाहेबांची कबर दाखव."

कबर आहे यॉर्कशरमध्ये, रिपन गावाजवळच्या स्टडली रॉयलच्या डिअर पार्कात (हरणं राखलेल्या मोठ्या उद्यानात), सेंट मेरीज चर्चमध्ये. लीड्सहून ३६ नंबरची बस हॅरोगेटवरून थेट रिपनला जाते. रेल्वे शोधत बसू नका, रिपनचं स्टेशन १९६७ सालीच बंद झालं. इथवर सगळं सोपं होतं.

अडलं ते एका साध्या प्रश्नावर: चर्चचं दार उघडं कधी असतं?

पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका कार्यालयाला फोन केला. शेजारीच फाउंटन्स ॲबी या जुन्या ख्रिस्ती मठाचे भव्य अवशेष आहेत, १९८६पासून जागतिक वारसा यादीत असलेले. त्यामुळे "स्टडली रॉयल" म्हटलं रे म्हटलं की पलीकडून ॲबीच्या वेळा सुरू व्हायच्या. "ॲबी नव्हे, पार्कातलं चर्च," म्हटलं की होल्डवर टाकायचे. मग कोणीतरी दुसरं यायचं आणि पुन्हा ॲबीच्याच वेळा सांगायचं. शेवटी म्हणाले, ऑनलाइन फॉर्म भरा. त्यात भेटीचा उद्देश निवडणं सक्तीचं: लग्न, बाप्तिस्मा, पूर्वजांचा शोध, शाळेची सहल. नुसतं जाऊन बघायचंय, याला रकानाच नव्हता. आम्ही "पूर्वजांचा शोध" निवडलं आणि खाली सविस्तर लिहिलं की वडील भारतातून आलेत, परतीचं तिकीट काढलेलं आहे, व्हाइसरॉय रिपन यांची कबर बघायची आहे, दार कोणत्या दिवशी उघडं मिळेल तेवढं कळवा.

मग वाट बघणं. रोज सकाळी चहाच्या वेळी बाबा विचारायचे, "आलं का गं उत्तर?" अर्ज गेला आणि त्याला आवक क्रमांक नाही, ही गोष्ट त्यांना काही केल्या पटेना. "आमच्याकडे साध्या पाणंद रस्त्याच्या अर्जालासुद्धा पोच द्यायचो," म्हणायचे. ते चिडले की मीही चिडायचे, कारण त्यांचं बरोबरच होतं. अखेर उत्तर आलं आणि त्यात काय, तर ॲबीच्या तिकिटाची लिंक. तेव्हाचा संताप अजून गेलेला नाही. एका वाक्याचं उत्तर होतं, ते द्यायला कोणी तयार नव्हतं.

ते वाक्य आम्हाला पार्काच्या गेटवर कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजींनी सांगितलं: हे चर्च स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतं, उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारीच या, सकाळी येऊन उपयोग नाही. बस, एवढंच. तुम्ही जाणार असाल तर हिवाळा टाळा, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या मोसमाच्या वेळा पुन्हा बघा.

दुपारी गेलो तरी दार बंदच होतं. पावसाची भुरभुर चालू होती. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, बसायला तयार नाहीत. बऱ्याच वेळाने एक बाई लगबगीने किल्ल्या घेऊन आल्या, आणि कुलपाचा खटका ऐकून मला जे हायसं वाटलं ते व्हिसाचा शिक्का बघूनही वाटलं नव्हतं.

बाहेरून करड्या दगडाचं, उंच कळसाचं, गंभीर दिसणारं हे चर्च आत शिरून वेदीकडे चालत गेलं की एकदम उजळतं. लाल, सोनेरी, हिरवा, मोझेकची जमीन, वर रंगवलेल्या घुमटात देवदूत. वेदीच्या भागात खिडक्यांपुढे दगडी जाळीचा आणखी एक पडदा आहे, त्यामुळे रंगीत काचेतला उजेड दोन थरांतून गाळून येतो. गायकांच्या बाकांवर कोरलेले रंगीत पोपट आहेत, ते अजिबात चुकवू नका. दुर्बीण असेल तर घुमटासाठी न्याच.

वास्तुकार विल्यम बर्जेस. यानेच १८६६च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेसाठी आराखडा केला होता, तो बांधला गेला नाही. हे चर्च १८७१ ते १८७८मध्ये झालं आणि त्यामागे मोठं दुःख आहे. लेडी रिपनचा धाकटा भाऊ फ्रेडरिक व्हायनर याला १८७०मध्ये ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी ओलीस धरून मारलं. बहिणीने त्याच्या स्मरणार्थ हे बांधलं, तर आईने जवळच स्केल्टनला दुसरं, तेही बर्जेसकडूनच. काम चालू असतानाच, १८७४ साली, रिपनने कॅथलिक पंथ स्वीकारला. तरी त्याला पुरलं ते बायकोने उभारलेल्या या अँग्लिकन चर्चमध्येच.

दक्षिणेकडच्या भागात दोघांच्या पांढऱ्या संगमरवरी मूर्ती शेजारी शेजारी पहुडलेल्या आहेत. बाबांनी चप्पल काढायला वाकून पाहिलं, मग नुसते हात जोडले. किल्लीवाल्या बाईंनी विचारलं, तुमचे कोण लागतात? बाबांनी आपल्या इंग्रजीत त्यांना जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी सगळी उतरंड समजावली. याच रिपनने देशी वृत्तपत्रांवरचा जाचक कायदा रद्द केला, आणि त्याच्या काळातल्या, शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, हेही सांगितलं. त्या बाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मला बाबांचा फार अभिमान वाटला.

बाहेर आल्यावर चर्चच्या पूर्वेकडच्या बाजूला जाऊन उभे राहा. झाडांच्या सरळ रांगेतून रिपनचं कॅथीड्रल समोर दिसतं. रिपनहून इथे चालत यायचं तर चार-पाच किलोमीटर आहेत. रिपनहून इकडे येणारी बस दिवसाला मोजकीच, म्हणून वयस्कर माणूस बरोबर असेल तर येतानाच टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ ठरवा. चर्चला आणि डिअर पार्कात चालत जायला तिकीट नाही, गाडी लावायचे पैसे पडतात. ॲबीचं तिकीट मात्र वेगळं, आणि ॲबीला अख्खा दिवस लागतो. दोन्ही एका दुपारी करू नका.