ठिपका सापडला, पण वर्णपट काय म्हणतो?

सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेला तारा, शोधताना आकाशात नवा ठिपका सापडणं आता फार सोपं झालंय. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची ४८ इंची दुर्बीण २०१८ पासून झेडटीएफ (झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी) या आकाश-सर्वेक्षणासाठी ३०-३० सेकंदांचे फोटो काढते. एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश मावतं आणि साधारण २०.५ प्रतीपर्यंतच्या वस्तू दिसतात (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद). ठिपक्यांना तोटा नाही, तोटा आहे वर्णपटांचा, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून घेतलेल्या नोंदींचा. म्हणून कोणत्या ठिपक्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागायचा, हे आधी ठरवावं लागतं.

ठिपका मिळतो वजाबाकीतून. जुन्या चांगल्या फोटोंची बेरीज करून संदर्भ-प्रतिमा बनवतात, आजचा फोटो तिच्याशी ताऱ्याला तारा जुळवून बसवतात, दोन्हींतला ताऱ्यांचा पसरटपणा सारखा करतात आणि मग वजा करतात. दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) निघून जाते, नवं तेवढं उरतं. जुळणी अर्ध्या पिक्सेलने जरी सरकली, तरी प्रत्येक तेजस्वी ताऱ्याजागी एक पांढरा आणि त्याला चिकटून एक काळा असा जोडडाग दिसतो. दीर्घिकेचा गाभा तर कायमचा डोकेदुखीचा, कारण तिथे वजाबाकी नेहमीच थोडी कच्ची राहते. आणखी एक चूक सहज नजरेतून सुटते: संदर्भ-प्रतिमेतच सुपरनोव्हाचा थोडा प्रकाश शिरलेला असला, तर पुढची प्रत्येक मोजणी मंद येते.

मग चाळणी. पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण ३० ते ४० आर्कसेकंद सरकतो, त्यामुळे तो ओळखायला अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेले दोन फोटो पुरतात. ठिपका बरोब्बर गाभ्यावर असेल तर सक्रिय दीर्घिकेचा (जिच्या गाभ्याचं तेज एरवीही बदलत राहतं) संशय घ्यावा आणि त्या जागेच्या तेजाची जुनी चढउतार तपासावी. जवळपास दीर्घिकाच नसेल, तर आपल्याच आकाशगंगेतला एखादा भडकलेला ताराही असू शकतो.

यातून टिकलेला ठिपका ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर, म्हणजे अशा नव्या ठिपक्यांच्या जागतिक नोंदवहीत, नोंदवतात. तिथे त्याच्या नावाआधी ‘एटी’ लागतं. वर्णपटाने सुपरनोव्हा सिद्ध झाल्यावरच त्याचं ‘एसएन’ होतं.

आपल्याकडे वर्णपटासाठी लडाखमधल्या हानलेची २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिथेच आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, पण तिचं मुख्य काम तेजाचा आलेख काढत राहण्याचं. चंद्र दुर्बिणीच्या एचएफओएससी या वर्णपट घेणाऱ्या उपकरणात सातव्या ग्रिझमने (प्रकाश फाकवणारा जाळीदार लोलक) निळी आणि आठव्याने तांबडी बाजू घेतात, म्हणजे सुमारे ३८०० ते ८३५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) हाती येतात. वस्तू क्षितिजाकडे झुकलेली असेल तर उपकरणाची प्रकाश आत घेणारी फट वातावरणीय अपस्करणाच्या (हवेमुळे रंग फाकण्याच्या) दिशेनेच, म्हणजे उभी, लावावी. नाहीतर निळा प्रकाश फटीबाहेर सांडतो आणि सुपरनोव्हा उगाचच तांबडा दिसतो. तरंगलांबी मोजण्यासाठी ठरावीक रेषांच्या दिव्याचा वर्णपट आणि तेजासाठी त्याच रात्रीचा, तेज माहीत असलेला प्रमाण तारा घ्यायला विसरू नये.

आता वाचन. पहिला प्रश्न, हायड्रोजन आहे का? ६५६३ अँगस्ट्रॉमजवळ रुंद उंचवटा आणि त्याच्या निळ्या बाजूला खळगा दिसला, तर प्रकार २. हायड्रोजन नसेल, तर सिलिकॉनची ६३५५ची रेषा शोधायची. स्फोटातला माल सेकंदाला १०,००० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असला, तर ती ६१४०च्या आसपास सापडते. त्याच्या जोडीला ५३०० ते ५५००च्या पट्ट्यात गंधकाचा ‘डब्ल्यू’सारखा आकार दिसला, तर प्रकार १-ए. सिलिकॉन ठळक नाही पण ५८७६ची हेलियम रेषा आहे, तर १-बी. दोन्ही नाहीत, तर १-सी. हे सगळे आकडे स्थिर चौकटीतले, म्हणजे दीर्घिकेच्या दूर जाण्याचा परिणाम वगळलेले आहेत. दीर्घिकेची ताम्रसृती (दूर जाण्यामुळे तरंगलांबीत होणारी प्रमाणशीर वाढ) ०.०५ असेल, तर ६१४०चा खळगा ६४५०जवळ दिसणार.

सगळ्यात जास्त फसवणूक दीर्घिका करते. सुपरनोव्हाच्या जागी तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग असेल, तर त्याची अरुंद हायड्रोजन रेषा वर्णपटात मिसळते आणि घाईत ‘२-एन’ (अरुंद रेषांचा प्रकार २) लिहून होतं. उपाय सोपा आहे. कच्च्या द्विमितीय प्रतिमेत ती रेषा सुपरनोव्हाच्या पट्टीच्या वर-खालीही पसरलेली दिसते का, ते बघावं. दिसली तर ती बहुधा दीर्घिकेची. तीच रेषा ताम्रसृती काढायला मात्र सोन्यासारखी! दुसरा सापळा आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा: तो ६८७० आणि ७६०५जवळ खळगे पाडतो. ताम्रसृती ०.०४७ असेल, तर हायड्रोजनची रेषा नेमकी पहिल्या खळग्यात जाऊन बसते.

एसएनआयडीसारख्या प्रोग्रॅमने साचे, म्हणजे आधीच्या सुपरनोव्हांचे ओळखीचे वर्णपट, जुळवून बघावेत, पण पहिल्या नावावर विसंबू नये. पहिले दहा साचे एकाच प्रकाराचे आहेत का, ते पाहावं. साचेसंग्रहात १-ए जास्त असल्यामुळे गोंगाटाचा वर्णपटही तिकडेच झुकतो. शिवाय कमाल तेजाजवळचा १-सी हा काही आठवडे जुन्या १-एसारखा दिसतो. तिथे तेजाचा हिशेब कामी येतो. १-एची कमाल निरपेक्ष प्रत (३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसेल ती) सुमारे −१९.३, म्हणजे ०.०५ ताम्रसृतीला तो १७.४ प्रतीच्या आसपास दिसायला हवा. ठिपका कमाल तेजालाही १९वरच अडला असेल आणि मधे धूळही फारशी नसेल, तर १-ए म्हणण्याआधी थांबावं.

पहिल्या एक-दोन दिवसांत बऱ्याचदा नुसता निळा, सपाट वर्णपट मिळतो. तेव्हा प्रकार ठरवण्याची घाई नको, चारेक दिवसांनी पुन्हा घ्यावा. मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेत फुटलेल्या एसएन २०२३आयएक्सएफसारख्या वस्तूंना हा नियम लावू नये. ताऱ्याभोवतीच्या वायूच्या अरुंद रेषा त्यात सुरुवातीला ठळक होत्या आणि साधारण आठवड्याभरात विरल्या. तिथे उशीर केला असता तर त्या हुकल्या असत्या. एम ८१ मधला एसएन १९९३जे तर आधी हायड्रोजन दाखवून नंतर हेलियमकडे वळला. म्हणून प्रकारासोबत वर्णपट स्फोटानंतर कितव्या दिवसाचा, तेही नोंदवावं.