कूलिंगचं काम, भाग ३: इंपेलरची हरवलेली दोन पाती

मागच्या वेळी सांगितलं होतं की नवरात्रात होडी पाण्यात उतरवली आणि इंजिन तापायला लागलं, तर आता कारण सापडलंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, होडी २४ फुटी, फायबरची, जुनी घेतलेली, आत तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन, आणि ठिकाण दाभोळची खाडी. कूलिंग दोन पाण्यांचं आहे. इंजिनच्या आत कूलंट फिरतं आणि खाडीचं खारं पाणी पंपाने (त्याच्या आत इंपेलर, म्हणजे रबरी पात्यांचं फिरतं चाक असतं) खेचून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जातं, तिथे कूलंटची उष्णता घेतं, मग एक्झॉस्टमध्ये मिसळून मागून बाहेर पडतं. ही दोन पाणी एकत्र कधीच येत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. म्हणून कूलंट पूर्ण भरलेलं असूनही इंजिन तापू शकतं, आणि माझं तेच झालं होतं.

लक्षण असं होतं की आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवून, तापमानाचा काटा ८० वर शांत, पण २२०० आरपीएमला दहा मिनिटं चालवलं की ९५ च्या पुढे, थ्रॉटल कमी केला की परत खाली. मला आधी थर्मोस्टॅटचा (ठराविक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप) संशय आला, तो काढून पातेल्यात पाणी तापवून बघितला, त्यावर ७६ छापलंय आणि तेवढ्यालाच उघडायला लागला, म्हणजे तो ठीक. बेल्टही ठीक. शेवटी आमच्या जेटीवरचे तांडेल काका म्हणाले, "काट्याकडं काय बघतोस, मागचं पाणी बघ. काटा उशिरा सांगतो." मग होडी बांधूनच इंजिन १५०० ला ठेवलं आणि एक्झॉस्टखाली १५ लिटरची बादली धरली. भरायला लागले १ मिनिट ५० सेकंद. हा आकडा लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं काम या आकड्यावरच तपासलं.

पाणी कमी येत होतं. खाऱ्या पाण्याची गाळणी स्वच्छ होती. पंपाचं झाकण उघडलं तर सहा पात्यांच्या इंपेलरची दोन पाती मुळापासून गायब आणि उरलेल्यांना कायमचा बाक आलेला. जूनमध्ये होडी वर ओढून शाकारून ठेवली तेव्हा मी इंपेलर आतच ठेवला होता, पाती चार महिने एकाच जागी दाबून राहिली, रबर कडक झालं, मुळाशी चिरलं, आणि चालू केल्यावर तुटलं. खाडीच्या गाळाने झाकणाच्या आतल्या बाजूला चरे पण पडले होते, ते झाकण उलटं करून बसवलं, तूर्तास चालेल. नवीन इंपेलर बसवताना पाती फिरण्याच्या दिशेप्रमाणे वाकवली आणि भांड्यांचं लिक्विड सोप लावलं, ग्रीस नाही, पेट्रोलियमचं ग्रीस रबराला चांगलं नाही.

बादली आता १ मिनिट १५ सेकंदात. सुधारलं, पण २२०० ला काटा अजून ९० वर. इथे बरेच जण थांबतात, पण मला ती दोन पाती हवी होती, ती कुठेतरी गेलीच असणार ना. पाणी जिकडे जातं तिकडेच शोधायचं म्हणून हीट एक्स्चेंजरचं पुढचं झाकण उघडलं, आणि तिथेच, नळ्यांच्या तोंडावर एक अख्खं पातं चिकटलेलं आणि दुसऱ्याचे तीन तुकडे! जुन्या इंपेलरला लावून बघितले, सगळे जुळले, तेव्हाच खात्री पटली की पुढे काही गेलं नाही.

नळ्यांमध्ये क्षार पण जमले होते. आणि झिंकची कांडी पूर्ण संपलेली, उरला होता फक्त पितळी प्लग. झिंक स्वतः झिजतं म्हणून नळ्या वाचतात, ते संपलं की गंज पुढच्या धातूकडे वळतो, म्हणून निम्मी झाली की बदलायची. नळ्यांचा गठ्ठा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला, बारीक बुडबुडे येत राहिले, सकाळी उदबत्तीच्या काड्यांनी एकेक नळी हळूच साफ केली. लोखंडी तार घालू नका, नळ्या पातळ असतात. ओ-रिंग नवीन टाकल्या.

बादली ५० सेकंद! अर्धा तास २२०० ला चालवून काटा ८३. आपल्याकडे खाडीचं पाणीच त्या दिवशी २९ डिग्री होतं, थंड समुद्रात खपून जाईल एवढी कमतरता इथे लगेच दिसते.

एक्झॉस्टचा एल्बो (वाकडा जोड) अजून उघडायचा आहे, त्यात कार्बन असणार असं वाटतंय, पण त्याचे बोल्ट गंजलेत, सध्या रोज थोडं तेल सोडतोय. पुढच्या मे अखेरीस इंपेलर काढून पिशवीत ठेवणार आणि इंजिनच्या चावीला चिठ्ठी बांधणार, "पंप रिकामा आहे, चालू करू नये".