पोवळ्याची कलमं लावताना

पोवळ्याची कलमं, म्हणजे जिवंत पोवळ्याचे तुकडे, समुद्रात वाढवून खडकावर लावायचं काम शिकायला मी गेले होते. पहिल्या दिवशी मला एकाही पोवळ्याला हात लावू दिला नाही. सत्तरेक डाइव्ह झाल्या होत्या, पुढच्या पातळीचं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे थेट कामालाच लावतील असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात वाळूच्या तळावर, 5-6 मीटर खोलीला, पाइपची एक चौकट मांडून ठेवली होती. तिच्यावर हातभर उंचीवर आडवं राहायचं, कुठेही न टेकता, आणि चौकटीला दोरीच्या दहा गाठी मारायच्या. तिसऱ्या गाठीला माझा गुडघा वाळूत रुतला. पाचवीला मी वर निघाले होते.

बोटीवर आल्यावर प्रशिक्षक म्हणाली, "तू तोल हातांनी सांभाळतेस. हात कामात गुंतले की तो जातो. खाली वाळू होती म्हणून निभावलं."

वाईट वाटलं, पण तिचं म्हणणं खरं होतं. हौसेनं डायव्हिंग करताना आपण बघत बघत पुढे जात असतो. एका जागी स्थिर राहून दोन्ही हातांनी काम करण्याची वेळच येत नाही. त्यात उथळ पाणी जास्त अवघड. पृष्ठभागावरचा दाब 10 मीटरवर दुप्पट होतो, पुन्हा दुप्पट व्हायला आणखी 20 मीटर जावं लागतं. म्हणजे वरच्या थोड्याशा पाण्यातच, तरंगण्यासाठी अंगात घातलेल्या जॅकेटमधली हवा सगळ्यात झपाट्यानं फुगते आणि आकसते. अर्धा मीटर वर सरकलात की पाणी तुम्हाला आणखी वर ढकलतं. यावर उपाय एकच, श्वास. पोट भरून घेतला की किंचित वर, सावकाश सोडला की किंचित खाली, आणि मधे कधीही रोखून धरायचा नाही. हे अंगवळणी पडायला मला चार दिवस लागले. या चार दिवसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पोवळ्याची जिवंत कातडी चुन्याच्या सांगाड्यावर पातळ थरासारखी असते. गोल, भरीव जातीचं पोवळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. त्यावर पायातली एक फिन घासली तर किती वर्षं पुसली जातात याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

पाचव्या दिवशी रोपवाटिकेत नेलं. झाड म्हणतात त्याला, आणि दिसतंही तसंच: तळाला बांधलेला, वर तरंगत्या बोयानं ताणून धरलेला पाइपचा उभा खांब, त्याला आडव्या फायबरग्लासच्या काड्या, आणि प्रत्येक काडीवर मासेमारीच्या तंगुसानं टांगलेली बोटाएवढी कलमं. प्रवाहात ती सगळी एका लयीत हलतात. तळापासून वर असल्यामुळे गाळ साचत नाही, आणि पोवळं खाणाऱ्या गोगलगायी, किडे सहज पोचत नाहीत.

तिथलं काम म्हणजे साफसफाई. टूथब्रशनं काड्यांवरचं, तंगुसावरचं शेवाळ घासायचं. ते वाढलं तर कलमाला गुदमरवतं. कलमाला मात्र ब्रश लागता कामा नये. माझ्या सगळ्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त यातच गेले आणि तेच मला सगळ्यात आवडले. तासभर एकाच झाडापाशी राहिलं की दिसू लागतं. एका कलमाच्या बेचक्यात नखाएवढा खेकडा होता. ब्रश जवळ आला की दोन्ही नांग्या उगारायचा. त्याला तिथेच राहू दिलं, कारण असले खेकडे आपलं घर राखताना पोवळ्यालाही राखतात. दुसऱ्या एका कलमाची टोकं पांढुरकी दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. मी घाईनं खूण केली. प्रशिक्षकानं पाटीवर एकच शब्द लिहिला: "वाढतंय." फांदीचं टोक इतक्या वेगानं वाढतं की पोवळ्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल तिथे अजून पुरतं भरलेलं नसतं. म्हणून ते फिकट.

लावणीचा दिवस दुसऱ्या आठवड्यात आला. मेलेल्या खडकावर आधी तारेच्या ब्रशनं चांगली जागा करायची, दगड उघडा पडेपर्यंत. मग दोन भागांची एपॉक्सी, म्हणजे मळल्यावर घट्ट होणारा गोंद, पाण्याखालीच बोटांनी मळायची, गोळा दाबायचा आणि कलम त्यात बसवायचं. ते जराही हलता कामा नये. लाटेच्या ओढीत डुगडुगणारं कलम बुंध्याशी कधीच चिकटत नाही. प्रत्येकाजवळ क्रमांकाचा बिल्ला ठोकायचा, कारण कुठल्या मूळ वसाहतीचं, म्हणजे ज्या मोठ्या पोवळ्यापासून तुकडा घेतला त्याचं, कलम कुठे गेलं याची नोंद लागते. शेजारी शेजारी वेगवेगळ्या वसाहतींची लावतात. ही फांद्यांची पोवळी वर्षातून मोजक्याच रात्री, बहुधा पौर्णिमेच्या आगेमागे, अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात, आणि एकाच वसाहतीच्या आपापसात सहसा फळत नाहीत.

एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहिते. एपॉक्सीची पिशवी रिकामी होत जाते तसे तुम्ही हलके होत जाता. दर दोन-तीन कलमांमागे जॅकेटमधली थोडी हवा सोडा.

सातवं कलम माझ्या हातात मोडलं. जास्त जोर दिला, कट्कन आवाज आला, तो पाण्यात फारच मोठा वाटला. मास्कच्या आत डोळे भरून आले. प्रशिक्षकानं दोन्ही तुकडे घेतले, एक मी मळलेल्या गोळ्यात बसवला, दुसऱ्यासाठी बोट दाखवून शेजारची जागा घासायला सांगितली. वादळात मोडलेल्या फांद्या अशाच रुजतात. या जातीची पसरण्याची ती एक रीतच आहे.

मी एकूण 24 लावली. पुढचा उन्हाळा कडक गेला. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी पोवळं आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. 2023 साली फ्लोरिडात पाणी इतकं तापलं की रोपवाटिकांतली पोवळी काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली होती. पुढच्या वर्षी, एप्रिल 2024 मध्ये, चौथं जागतिक ब्लीचिंग, म्हणजे जगभर पोवळी अशी पांढरी पडणं, जाहीर झालं. समुद्र असाच तापत राहिला तर आमच्या लावणीनं प्रवाळभिंती वाचणार नाहीत. हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी जाते. कोणत्या वसाहतीची कलमं तगली हे त्या बिल्ल्यांवरूनच कळतं, आणि पुढची कलमं त्यांच्यापासून करता येतात.

वर्षानं मोजणीला गेले. 24 पैकी 9 मेली होती, त्यांच्यावर शेवाळाची लव चढलेली. मोडलेल्या कलमाचा दुसरा तुकडा शेवटी शोधला. क्रमांक 7-ब. बुंध्याशी करडी एपॉक्सी जवळजवळ दिसतच नव्हती. तपकिरी कातडी तिच्यावरून उतरून खडकापर्यंत पोचली होती. मी श्वास सावकाश सोडत खाली आले, पट्टी लावली, आणि पाटीवर लिहिलं: जिवंत, 11 सें.मी., तीन फांद्या.