तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीला मोठी चाके बसवावीत का?

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या ओळखीच्या कोणी नवी गाडी घेतली की मला एक प्रश्न हमखास येतो : कंपनीची चाके काढून मोठी अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाके, बसवली तर गाडी जास्त चांगली पळेल का? माझे उत्तर 'नाही' असे आहे; पण नेमके काय मोठे करायचे आहे, हे ठरल्याखेरीज ते कोणाला पटत नाही.

टायरवर १८५/६५ आर १५ असे छापलेले असते. त्यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची आणि १५ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या भागाचा, इंचातील व्यास. हिशेब केल्यास भिंत १२० मिलिमीटरची आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. आता १७ इंची रिमवर २०५/४५ टायर चढवला, तर एकूण व्यास ६१६, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहतो, भिंत मात्र ९२ मिलिमीटरवर येते. रिम वाढली, चाक वाढलेच नाही. भिंत आखूड असल्यामुळे वळणावर टायर कमी दबतो आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. कोल्हापूर-बेळगाव महामार्गावर हे सुखाचे वाटते, यात शंका नाही. परंतु तीच गाडी पावसाळ्यात जांबोटीवरून चोर्ल्याकडे न्यावी. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस कसा कोसळतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको; पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, धक्का पचवायला रबर उरलेले नसते, आणि मग टायरला फुगा येतो किंवा रिमच वाकते.

काही जण रिम तीच ठेवून २०५/६५ चा टायर घालतात. तेव्हा मात्र चाक खरोखर मोठे होते : व्यास ६४७ मिलिमीटर, सुमारे चार टक्के वाढ. गाडी थोडी उंच होते, पण इंजिनाची तीच ताकद रस्त्यावर पोहोचताना तेवढ्याच प्रमाणात कमी पडते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला चढावर मागे टाकताना 'पिकअप गेला' ही जी तक्रार येते, तिचे एक कारण हे असू शकते. घाट उतरतानाही त्याच गिअरमध्ये इंजिन गाडीला पूर्वीइतके धरून ठेवत नाही, त्यामुळे ब्रेकवर ताण वाढतो. शिवाय काट्यावर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ ने धावत असते. बेळगावहून कोल्हापूरपर्यंतचे ११० किलोमीटर मीटरवर १०५-१०६ च भरतात, आणि मालक ॲव्हरेज घसरले म्हणून मेकॅनिकशी भांडतो. त्या भांडणात मेकॅनिक पूर्ण चुकीचा नसतो, कारण घसरणीचा काही भाग केवळ आकड्यांचा असतो. उरलेला मात्र रुंद टायरला लोळायला जास्त जोर लागत असल्यामुळे खरा असू शकतो.

वजनाचा विचार फारसा कोणी करत नाही. अलॉय म्हणजे हलके, असा समज आहे. पण १७ इंची अलॉय १५ इंची लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकते, आणि ते वजन आसापासून जितके दूर, तितके चाकाला वेग देणे आणि थांबवणे कठीण.

टायर झिजलेच असतील आणि बदल करायचाच असेल, तर १६ इंची रिमवर १९५/५५ पर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. व्यास तोच राहतो आणि भिंतही १०७ मिलिमीटरची मिळते. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा त्यावरचा आकडा, मात्र मूळ टायरपेक्षा कमी नसावा. टायरवर ८८ लिहिलेले असेल तर तो ५६० किलो पेलतो, आणि लग्नाला सहकुटुंब सामानासह निघालेल्या गाडीत तो आकडा शोभेचा राहत नाही.

चार चाके बदलताना स्टेपनी जुनीच राहते, याकडेही लक्ष द्यावे. वेगळ्या व्यासाची स्टेपनी पुढच्या चाकांपैकी एकाच्या जागी बसवून लांबचा प्रवास केला, तर त्या दोन चाकांच्या फेऱ्यांतील फरक सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेला, सतत सोसावा लागतो. ती पंक्चर काढणाऱ्या दुकानापर्यंत, सावकाश, एवढ्यापुरतीच वापरावी.