टीव्हीला वेलांटी कळत नाही

लेकीच्या डच शाळेतलं नाटक सध्या इथे नेदरलँड्समध्ये आमच्याकडे आलेल्या आईला मोठ्या टीव्हीवर पाहायचं होतं. नात खणखणीत बोलते एवढं आजीला दिसत होतं, पण काय बोलते ते कळायला मराठी सबटायटल्स हवी होती. ती मी केली. लॅपटॉपवर सुरेख दिसली. टीव्हीवर आल्यावर आई म्हणाली, "अगं, तुझं शुद्धलेखन एवढं कसं बिघडलं?"

माझं शुद्धलेखन चोख आहे. बिघडलेला टीव्ही होता, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

त्याआधी शेजारच्या बाईंबद्दल. नाटकातली मुलं भराभर बोलतात, एकमेकांच्या वाक्यात घुसतात. डच येत असूनही काही संवाद माझ्या हाती लागत नव्हते. बाईंना विचारलं, तर हेडफोन लावून त्यांनी सगळं नाटक वहीत उतरवून दिलं. कोणाचं वाक्य कुठे तुटतं तेसुद्धा. इकडची माणसं कोरडी असतात असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला तसा अनुभव नाही.

आता टीव्ही. सबटायटल्सची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: क्रमांक, सुरू आणि बंद व्हायची वेळ, खाली वाक्य. व्हिडिओच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली की डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ टीव्हीला पाठवायच्या सोयीने, व्हिडिओ पाठवताना बरेच सर्व्हर (पाठवणारे प्रोग्रॅम) तीही सोबत देतात. पहिल्यांदा पडद्यावर निव्वळ कचरा आला, युरोपीय अक्षरांवर टोप्या आणि टिंबं. हे समजण्यासारखं आहे. यूटीएफ-८ या जगातल्या सगळ्या लिपी साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि टीव्हीने फाइल जुन्या युरोपीय पद्धतीने वाचली की एकाची तीन भलतीच चिन्हं होतात. फाइल बीओएमसकट (ही यूटीएफ-८ आहे असं सांगणारी सुरुवातीची खूण) सेव्ह केल्यावर अक्षरं देवनागरी झाली. खरा संताप त्यानंतर आला.

'किती' या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण कॉम्प्युटरमध्ये ती 'क'च्या नंतर साठवलेली असते. पडद्यावर काढताना तिला उचलून पुढे न्यावं लागतं. जोडाक्षरांचंही तेच: 'पत्र' म्हणजे त, हलन्त आणि र, आणि त्यांचा एक आकार करणं हे अक्षरं रेखाटणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. आमच्या टीव्हीच्या प्लेअरमध्ये तो भागच नाही. तो चिन्हं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडतो. वेलांटी चुकीच्या बाजूला, 'पत्'नंतर सुटा 'र', 'क्ष' फुटलेला. कोट्यवधी माणसं रोज वाचतात ती लिपी, आणि व्हिडिओचं इतकं बारीक चित्र सहज उलगडणाऱ्या यंत्राला तिची वेलांटी जागेवर ठेवता येत नाही! हे काम करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, मुक्त आहे, फुकट आहे, कोणीही वापरावी. अवघड काहीच नाही. कोणी तपासून पाहिलेलं नाही, एवढंच.

आणि हे अशा देशात, जिथे सबटायटल्स अंगवळणी पडलेली आहेत. शेजारी जर्मनीत परदेशी सिनेमाचे आवाज बदलतात. नेदरलँड्समध्ये लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर मूळ आवाज तसाच ठेवून खाली डच ओळी देतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी टेलिटेक्स्टचं, म्हणजे टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांमधलं, ८८८ नंबरचं पान आहे, डच कार्यक्रमांनाही डच सबटायटल्स देणारं. याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण कौतुक करताना हेही सांगते, की आपल्याकडे आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये कार्यक्रमाच्याच भाषेतल्या सबटायटल्सची कल्पना मांडली आणि १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती 'चित्रगीत'मध्ये गाण्याखाली शब्द येऊ लागले, माणसांनी गाता गाता वाचायला शिकावं म्हणून. हे इथे कोणाला माहीत नसतं.

शेवटी मी सबटायटल्स व्हिडिओतच बर्न केली. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमचा सबटायटल्स फिल्टर लिबास ही लायब्ररी वापरतो, लिबास हार्फबझ वापरते, त्यामुळे अक्षरं माझ्या लॅपटॉपवर नीट तयार होऊन चित्राचाच भाग होतात. टीव्हीला वाचायला काही उरत नाही. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, भोवती काळी कड, एका वेळी दोनच ओळी, आणि तळाशी नेहमीपेक्षा जास्त जागा, कारण उकार खाली लोंबतात.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे रुचलं नाही. बर्न केलेली सबटायटल्स बंद करता येत नाहीत, सगळा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, चित्र थोडं उतरतं, सबटायटल्स नेहमी वेगळीच ठेवावीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या लिपीसाठी ते बरोबर आहे. मूळ व्हिडिओ आणि एसआरटी मी जपून ठेवल्या आहेतच. टीव्हीसाठी केलेली प्रत फक्त पाहण्यासाठी आहे. आईने वाचावं की तत्त्व सांभाळावं, यात मला विचार करावा लागला नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर लॅपटॉपपासून टीव्हीला एचडीएमआय केबल लावा, किंवा ब्राउझरचा अख्खा टॅब वायफायवरून टीव्हीवर कास्ट करा. दोन्हीत अक्षरं कॉम्प्युटरच काढतो. टॅब कास्ट करताना चित्र मात्र कधीकधी अडखळतं. टीव्हीला लावायच्या क्रोमकास्ट या उपकरणाला सबटायटल्सची फाइल वेगळी द्यायची तर एसआरटी चालत नाही, तिची वेबव्हीटीटी प्रकारची फाइल करावी लागते: वर एक शीर्षकाची ओळ, आणि वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब. व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये ओळी पुढेमागे होत असतील तर जी आणि एच या कळा आहेत. युरोपातल्या डीव्हीडीवरचा सिनेमा असेल तर त्या पुरत नाहीत. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा तिच्यावर २५ ने चालवतात, दोन तासांत जवळजवळ पाच मिनिटांचा फरक पडतो, आणि २४ साठी केलेली सबटायटल्स हळूहळू मागे राहत जातात. तिथे सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून सगळी फाइल आवळावी लागते.

आता शेजारच्या बाईंसाठी आईच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगला डच सबटायटल्स करते आहे. ती बर्न करावी लागणार नाहीत. त्यांची लिपी टीव्हीला येते.