राजाबाई कुणाची कॉपी नाही

मँचेस्टरच्या ऑफिसात मोबाइलमधला मुंबईच्या राजाबाई टॉवरचा फोटो दाखवला, तर शेजारी बसणारा सहकारी सहज म्हणाला, "ही तर आमच्या टाउन हॉलची कॉपी!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मला झोंबलंच.

मँचेस्टरचा टाउन हॉल मला मनापासून आवडतो. त्याचा वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस याला जागा मिळाली ती तिकोनी. स्पर्धेत नुसत्या रूपावर त्याचा आराखडा चौथा होता. पण उजेड, हवा, खोल्यांची मांडणी यांत सरस, म्हणून काम त्याला मिळालं. त्याने तिन्ही कडांना कचेऱ्या लावल्या आणि मधोमध मोठा हॉल बसवला. गिरण्यांच्या धुराने शहर काळवंडलेलं, म्हणून काजळीला दाद न देणारा स्पिंकवेलचा दगड निवडला. गोल जिन्यांच्या कठड्यांखालून गॅसच्या नळ्या अशा नेल्या की दिसू नयेत. बाहेरून जुन्या गॉथिक शैलीचं रूप, आत १८७७ची सगळी सोय. कारभाराची इमारत इतक्या मायेनं बांधावी, याचं मला अजून नवल वाटतं.

तिथल्या फरशीवर मोझेइकच्या मधमाश्या आहेत आणि कापसाची फुलं. त्या फुलांपाशीच माझं उत्तर होतं. अमेरिकेतल्या यादवीत मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी गब्बर झाले. त्यांनीच आईच्या, राजाबाईंच्या, नावाने टॉवरला पैसे दिले. म्हणजे दोन्ही मनोरे कापसाच्याच पैशातले. इथला पाया १८६८चा, आपला १८६९चा. इथलं काम १८७७ला पुरं, आपलं १८७८ला. उंची दोन्हींची २८० फूट. एकाच वेळी चढणाऱ्या भिंतींत कॉपी कुणी कुणाची करायची?

राजाबाईचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा हे खरं, पण तो मुंबईत कधी आलाच नाही. (मँचेस्टरच्या स्पर्धेत त्याचा मुलगा वॉटरहाउससमोर हरला होता.) आणि टॉवरवरचे ते २४ पुतळे, पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे? ते रावबहादूर मुकुंद रामचंद्रांनी घडवलेले. असं टाउन हॉलवर काही नाही, हे मी जरा जोरातच सांगितलं.

मुंबईत असताना ते पुतळे मीही कधी नीट पाहिले नव्हते. चर्चगेटहून लोकल गाठायची असायची, मान वर करायला कुणाला सवड? इथे संध्याकाळ हातात उरते, म्हणून दिसतं.

सहकाऱ्याने पुतळे जवळून पाहायला मागितले. माझ्याकडे फोटो नव्हता. रात्री बाबांना फोन केला, फोर्टात गेलात तर ओव्हल मैदानाच्या बाजूने काढा म्हटलं, झूम करून.