मोसम-आरमकाठचे फड

नाशिकमध्ये पाण्याचा विषय निघाला की तो गंगापूर धरणावर जाऊन थांबतो. याच जिल्ह्यात बागलाण तालुक्यात, मोसम आणि आरम नद्यांच्या काठच्या गावांनी मात्र ३००-४०० वर्षं नदीचं पाणी आपापसांत वाटून खाल्लं. त्या पद्धतीचं नाव फड. शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठीही तीच.

नदीपात्रात पक्का खडक लागेल तिथे दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालायचा. तो पाणी साठवत नाही. पातळी उचलून पाटात वळवतो, एवढंच त्याचं काम. पाट २ ते १२ किलोमीटर लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, म्हणजे थेट शेतात शिरणारे बारके दांड. जादा पाणी सांडमातून, म्हणजे पाटाच्या सांडव्यातून, पुन्हा नदीत, खालच्या गावाच्या बंधाऱ्यासाठी. एका बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार भाग केले की ते फड. लहान फड १० हेक्टरांचा, मोठा २०० पर्यंत.

सगळी गंमत जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक घरांची एकेक पट्टी प्रत्येक फडात असते. हंगामाआधी गाव बसतं आणि ठरवतं: यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडे बाजरी, चौथा पडीत. एका फडात एकच पीक, त्यात सूट नाही. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. ओढीचं वर्ष असेल तर गाव एखादाच फड भिजवतं. पण त्यातही बहुतेकांची पट्टी असतेच, त्यामुळे चार घरं हिरवी आणि बाकीची कोरडी असं होत नाही. दुष्काळाची वाटणी इतक्या न्यायाने करणारी दुसरी व्यवस्था निदान मला तरी माहीत नाही.

एकाच पिकाची सक्ती का, हे पाणी द्यायच्या पाळीच्या वेळी कळतं. पाटकरी चारीच्या तोंडाशी दगड, माती आणि गवताने घातलेला बांध फावड्याने फोडतो. पाणी पहिल्या पट्टीत शिरतं, सरीतून सावकाश सरकत शेवटाला टेकतं. मग ते तोंड बुजवून पुढचं उघडायचं. फडाच्या एका टोकाला सुरू झालेली पाळी दुसऱ्या टोकाला पोचल्याशिवाय मोडायची नाही. मध्येच कोणी बाजरीच्या फडात ऊस लावला तर त्याला पाणी लवकर लागतं, एका पट्टीसाठी अख्खी चारी चालवावी लागते आणि पाझराने शेजारची बाजरी पिवळी पडते. म्हणून शेतकऱ्याने स्वतः तोंड उघडायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. राखणीला जागल्या, वर हवालदार आणि मुकादम. त्यांचा मेहनताना पिकातूनच निघायचा.

पडीत फडही वाया जात नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी ऊस घेतला की जमीन चिबडते, म्हणजे पाणी मुरून दलदलीसारखी होते, वर पांढरे क्षार फुटतात. पीक फिरलं, मध्ये एखादं वर्ष विश्रांती मिळाली की ती सावरते.

पद्धत ढिली पडली ती बंधारे फुटल्यामुळे नाही. कित्येक बंधारे आजही शाबूत आहेत. वर मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणं झाली आणि नदीचं वाहणं धरणाच्या आवर्तनावर आलं. विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाच्या पाळीची गरज उरली नाही. मग डाळिंब आलं. डाळिंबाची बाग एकदा लावली की दहा-पंधरा वर्षं जागची हलत नाही, आणि फडाचा तर पायाच पीक फिरवण्यावर. पाट उपसायला माणसं कमी येऊ लागली. गाळ न काढलेल्या पाटात पाणी मुखाशीच रेंगाळतं, शेपटाच्या पट्ट्या कोरड्या राहतात, आणि शेपटाचा शेतकरीही मग विहीर खणतो.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर नाशिकहून सटाणा, म्हणजे बागलाणचं तालुक्याचं गाव, ९०-९५ किलोमीटर. पावसाळा सरल्यावर, रब्बीत पाट वाहत असताना जावं. नुसत्या बंधाऱ्याचा फोटो काढून परतू नये. मुखापासून पाटाच्या कडेने खाली चालत जावं, सांडम शोधावा, आणि जाणत्या माणसाला एवढंच विचारावं: यंदा कुठला फड कशाला दिला? जुन्या नोंदींत डोकावणार असाल तर ‘पाटस्थळ’ आणि ‘मोटस्थळ’ हे शब्द बघा. पाटाने भिजणारी जमीन कोणती आणि विहिरीच्या मोटेने भिजणारी कोणती, ते तिथेच उलगडतं.